रानफूल आणि त्याची जागा

(म्हैसूर येथे हौशी छायाचित्रकारांच्या एका मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



रानफुलांच्या आणि झाडांच्या छायाचित्रणाविषयी मी आपल्यापुढे चार शब्द बोलावेत, अशी संयोजकांची इच्छा आहे. या विषयावर बोलणारा मनुष्य बहुधा आपली निवडक छायाचित्रे पडद्यावर दाखवतो आणि ती कशी घेतली याची हकिकत सांगतो. मी मात्र आरंभ करणार आहे तो अशा एका छायाचित्रापासून, ज्याची एके काळी पुष्कळ वाखाणणी झाली आणि जे आज मी कोणालाही दाखवीत नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. हुणसूर ओलांडून मी कोडगूच्या दिशेने चाललो होतो. पावसाळा नुकताच स्थिरावला होता. रस्त्यापासून थोड्या अंतरावर, गवताळ उतारावर, जमिनीत उगवणाऱ्या आमरीचा एक तुरा माझ्या दृष्टीस पडला. फुले पांढरी, प्रत्येक फुलामागे लोंबणारी एक बारीक नळी. भोवती गवत इतके दाट होते, की फुलांचा जेमतेम अर्धा भाग दिसत होता. मी गुडघ्यांवर बसलो आणि ते गवत मुठीमुठीने उपटून काढले. तुरा मोकळा झाला. मागे एक काळे कापड उभे केले. चित्र उत्तम आले. पुढे ते एका प्रदर्शनात लागले व त्याला पारितोषिकही मिळाले.

दुसऱ्या दिवशी परतताना मी पुन्हा त्या जागी थांबलो. तुरा नव्हता. जमिनीपासून बोटभर उंचीवर देठ कुरतडलेला होता आणि चिखलात शेळ्यांची पावले उमटली होती. मी उपटलेल्या गवताचा पुंजका बाजूला वाळत पडला होता. शेळीला दोष देण्यात अर्थ नव्हता. दाट गवताने जे झाकून ठेवले होते ते मी उघडे करून तिच्यापुढे ठेवले होते.

या प्रसंगाला पुढे एक उत्तरार्ध लाभला. वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी ते चित्र पाहिले, तोंडभरून कौतुक केले आणि मग साधेच दोन प्रश्न विचारले : पाने जमिनीलगत पसरलेली होती, की देठावर चढत गेलेली? भोवतीचे गवत कोणत्या जातीचे होते? मला एकाही प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. पाने माझ्या काळ्या कापडाच्या घडीखाली गेली होती आणि गवत तर मीच उपटले होते. जात नक्की करण्यासाठी जे हवे होते, नेमके तेच मी चित्रातून वगळले होते. म्हणजे फूलही गेले आणि त्याची साक्षही अपुरी राहिली.

आज मला जे सांगावयाचे आहे ते सारे या दोन घटनांत आले आहे. रानफूल म्हणजे नुसते फूल नव्हे. ते आणि त्याची जागा मिळून एक वस्तू होते. छायाचित्रातून ती जागा काढून टाकली, तर हाती एक शोभेची वस्तू राहते. आणि चित्रासाठी प्रत्यक्ष जमिनीवरूनच ती जागा काढून टाकली, तर पुष्कळदा शोभेची वस्तूही उरत नाही.

छायाचित्रणाचा शोध लागण्यापूर्वी हे काम चित्रकार करीत असत. मलबारच्या किनाऱ्यावरील डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हेडे यांनी तयार करवलेला ‘हॉर्टस मलबारिकस’ हा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे बारा खंडांत प्रसिद्ध झाला. त्यातील माहिती इट्टी अच्युदन या मलबारी वैद्याने आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट या तीन कोकणी ब्राह्मणांनी पुरवली होती. या तिघांचे कोकणी भाषेतील, देवनागरी लिपीतील प्रमाणपत्रही पहिल्या खंडात छापलेले आहे. या ग्रंथातील चित्रे पाहताना एक गोष्ट ध्यानात येते. चित्रकाराला एकाच पानावर कळी, उमललेले फूल, पान आणि फळ दाखवता येते. निसर्गात ही सारी रूपे एका क्षणी क्वचितच एकत्र भेटतात; पण चित्रकाराला क्षणाचे बंधन नसते. कॅमेऱ्याला ते असते. म्हणून वनस्पतीचे एकच छायाचित्र नेहमी अपुरे असते, हे आपण प्रथम मान्य केले पाहिजे.

आपल्या म्हैसूर प्रांतापुरते बोलावयाचे, तर श्रीरंगपट्टण पडल्यानंतर थोड्याच काळाने, १८०० साली, फ्रान्सिस बुकानन या वैद्याने या प्रदेशातून प्रवास केला. त्याचा वृत्तांत १८०७ साली तीन खंडांत निघाला. रानातून जाताना त्याने झाडांची नावे स्थानिक लोकांना विचारून लिहून घेतली. बुकाननजवळ कॅमेरा नव्हता, पण नाव, गाव आणि जमीन यांची नोंद होती. आपल्यापैकी कितीजणांच्या छायाचित्रांना एवढीही जोड असते?

दुसरे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पी. एफ. फायसन नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. निलगिरी आणि पळणी या डोंगरांच्या माथ्यावरील वनस्पतींवर त्यांनी ग्रंथ लिहिला. त्यातील कित्येक चित्रे त्यांच्या पत्नीने काढलेली आहेत. डोंगरावरच्या त्यांच्या भटकंतीत एक विद्यार्थीही कधी कधी सोबत असे. तो विद्यार्थी म्हणजे एम. कृष्णन. पुढे ते निसर्गलेखक आणि वन्यजीवांचे छायाचित्रकार म्हणून भारतभर ओळखले गेले. १९५० पासून १९९६ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘द स्टेट्समन’ या वृत्तपत्रात त्यांनी निसर्गावर सदर लिहिले. निरनिराळ्या कॅमेऱ्यांचे भाग जोडून त्यांनी स्वतः एक अवजड यंत्र तयार केले होते आणि त्याला गमतीने ‘सुपर पॉन्डेरोसा’ असे नाव दिले होते. त्या यंत्राने त्यांनी कृष्णधवल चित्रे घेतली, ती मुख्यतः हत्ती, गवे, हरणे यांची. तथापि त्या चित्रांत प्राण्यामागचे झुडूप नुसते झुडूप नसते. वनस्पती जाणणाऱ्या माणसाने ते पाहिलेले आहे, हे कळते. प्राण्याचे चित्र घेणाऱ्याने त्याच्या रानाला इतका मान दिला असेल, तर फुलाचे चित्र घेणाऱ्याने फुलाच्या गवताला किती द्यावा?

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. माझी प्रयोगशाळा म्हणजे आपला चामुंडी डोंगर. तो समुद्रसपाटीपासून सुमारे एक हजार मीटर उंच आहे. सतराव्या शतकात दोड्ड देवराज वडेयर यांच्या काळात बांधलेल्या पायऱ्यांनी सकाळी वर चढू लागले, की दोन्ही बाजूंना खुरटे रान, खडक आणि गवत लागते. देवीच्या दर्शनाला निघालेल्या माणसाला यात पाहण्यासारखे काही आहे असे वाटत नाही. पण येथे मे महिन्यात वळवाचा पाऊस पडतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात पुन्हा जोराचा पाऊस येतो. त्यामुळे या कोरड्या डोंगरावर वर्षाचा एकही महिना फुलांवाचून जात नाही.

पायऱ्यांच्या कडेला, गवतात, विष्णुक्रांताचे निळे फूल असते. त्याचा व्यास एक सेंटिमीटरही भरत नाही. ते सकाळी उमलते आणि दुपारपर्यंत मिटून जाते. न्याहारी करून निवांत निघणाऱ्या छायाचित्रकाराला ते आयुष्यात कधीही दिसणार नाही. या फुलासाठी पोटावर पडावे लागते. उभ्याने वरून घेतलेले चित्र म्हणजे निळा ठिपका आणि माती. कॅमेरा फुलाच्या पातळीवर आणला म्हणजे ते आकाशाकडे तोंड करून उभे असलेले दिसते. एवढ्या खाली ट्रायपॉड उपयोगी पडत नाही. मी धान्याने भरलेली एक लहान कापडी पिशवी जमिनीवर ठेवतो आणि तिच्यावर कॅमेरा टेकवतो. इतकी साधी आणि स्वस्त युक्ती या कलेत दुसरी नाही. फक्त पिशवी ठेवण्याआधी खाली दुसरे फूल नाही ना, हे पाहून घ्यावे.

निळ्या रंगाची एक खोड पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. रंगीत फिल्मच्या काळात काही निळी फुले चित्रात गुलाबी किंवा जांभळट दिसत, आणि दोष प्रयोगशाळेला दिला जाई. वस्तुतः अशी फुले आपल्या डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा गडद तांबडा व त्याच्या पलीकडचा प्रकाशही परावर्तित करतात आणि फिल्म तो टिपते. आजच्या कॅमेऱ्यांत हा प्रकाश अडवणारा पडदा असल्याने हा त्रास पुष्कळ कमी झाला आहे. परंतु अजूनही खात्री धरू नये. वहीत रंग लिहून ठेवावा.

तांबड्या फुलांचे दुखणे वेगळे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो, आपण कन्नडमध्ये त्याला मुत्तुग म्हणतो. त्याच्या पानांच्या पत्रावळींवर आपण जेवलो आहोत, पण त्याचे फूल जवळून किती जणांनी पाहिले आहे? उन्हात घेतलेल्या चित्रात पळसाचे फूल म्हणजे केशरी रंगाचा एक डाग होतो. पाकळीची मखमल, बाकदार नौकेचा आकार, कळीचे काळपट निदल, सारे त्या डागात बुडते. कारण तांबड्याची नोंद कॅमेऱ्यात लवकर भरून वाहू लागते. उपाय असा, की सूर्य वर येण्यापूर्वी किंवा ढगाआड असताना चित्र घ्यावे आणि प्रकाश थोडा कमी द्यावा. शिवाय पळसाजवळ थोडा वेळ बसावे. मैना, बुलबुल, सूर्यपक्षी मधासाठी येतात. पाहुण्यांसह घेतलेले पळसाचे चित्र त्या झाडाचा संसार सांगते.

पांढऱ्या फुलांच्या बाबतीत याच्या उलट काळजी घ्यावी लागते. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक जगाला करड्या रंगाचे समजतो. द्रोणपुष्पीचे, म्हणजे आपल्या तुंब्याचे, लहानसे पांढरे फूल गडद हिरव्या पानांवर असले, की मापक त्या गडद पानांकडे पाहून जास्त प्रकाश देतो आणि फुलाचा खालचा ओठ, जो मधमाशीचा उंबरठा असतो, तो नुसता पांढरा धुरकट दिसतो. शिवाला प्रिय मानलेले हे फूल रोज परडीत घालणाऱ्यांनीही त्याची घडण नीट पाहिलेली नसते. अशा वेळी माप पानांवरून घेऊ नये.

वाऱ्याविषयी प्रत्येक नवा छायाचित्रकार तक्रार करतो. सकाळी सूर्योदयानंतरचा पहिला तास बहुधा शांत असतो. नंतर वारा सुटला, तर देठाला काडीचा आधार द्यावा, फूल तोडून हातात धरू नये. कडक उन्हात पांढरी छत्री किंवा धोतराचा विरळ तुकडा फुलावर धरला, की प्रकाश मऊ होतो. गवत आड येत असेल तर ते उपटू नये. हाताने किंवा काडीने वाकवून धरावे आणि काम होताच मोकळे सोडावे. हा नियम मी कोणत्या किमतीला शिकलो, ते आपण ऐकलेच आहे.

मग एका वनस्पतीची किती छायाचित्रे घ्यावीत? माझ्या अनुभवाने किमान पाच. पहिले, दहा पावलांवरून : वनस्पती कोठे उभी आहे, खडकावर, बांधावर, की झाडाच्या सावलीत. दुसरे, संपूर्ण वनस्पतीचे, शेजारी ओळखीची एखादी वस्तू ठेवून, म्हणजे आकार कळतो. तिसरे, पाने देठाला कशी जोडली आहेत त्याचे. चौथे, फुलाचे समोरून व बाजूने. फुलाची पाठ पाहण्याचे आपण नेहमी विसरतो. पाचवे, फळाचे, त्यासाठी पुन्हा जावे लागते, आणि पुन्हा जाणे हाच या विद्येचा अर्धा भाग आहे.

कळलावीचे उदाहरण घ्या. पावसाळ्यात कुंपणांवर चढणारी ही अग्निशिखा आपण सर्वांनी पाहिली आहे. तिच्या पाकळ्या आरंभी हिरवट-पिवळ्या असतात, मग खालून पिवळ्या व वर तांबड्या आणि अखेरीस संपूर्ण तांबड्या होतात. ज्याने एकाच दिवशी चित्र घेतले त्याने यांतील एकच अवस्था पाहिली. आणि जो फक्त फुलाकडेच पाहतो त्याला तिचे सर्वांत मोठे नवल कळत नाही. तिच्या पानाचे टोक लांबून वळते आणि आधाराला विळखा घालते. पानच वेलीचा हात होते. त्या टोकाचे चित्र घेतल्याशिवाय कळलावीचे चित्र पूर्ण झाले असे मी मानीत नाही. अर्थात त्यासाठी ती ज्या काटेरी कुंपणाला धरून उभी आहे तेही चित्रात आलेच पाहिजे.

जागेचे महत्त्व याहून स्पष्ट करणारे झाड म्हणजे चंदन, आपले श्रीगंध. म्हैसूरची कीर्ती ज्याच्या सुगंधाने जगभर गेली, त्या झाडाचे फूल पाहिलेली माणसे म्हैसुरात थोडी आहेत. ते फूल अगदी लहान असते. उमलताना फिकट पिवळसर आणि नंतर तपकिरी-तांबडे होत जाणारे. चंदनाचा तो प्रसिद्ध गंध त्याला नसतो. गंध असतो तो जुन्या झाडाच्या गाभ्यात. आणि चंदन एकटे जगत नाही. त्याची मुळे शेजारच्या झाडाझुडपांच्या मुळांना चिकटतात आणि तेथून आपले काही पोषण घेतात. शेजारी काढून टाकलेल्या चंदनाचे चित्र म्हणजे अर्ध्या कुटुंबाचे चित्र होय.

येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. आजचा दूरध्वनी छायाचित्र घेताना ते कोठे घेतले याची नोंदही चित्राच्या पोटात लिहून ठेवतो. चंदनाची चोरी या प्रदेशाला नवी नाही. रानातील चंदनाचे किंवा दुर्मीळ आमरीचे चित्र आपण उत्साहाने सर्वत्र पाठवतो, तेव्हा त्याबरोबर चोराला वाटही पाठवत असतो. ठिकाणाची नोंद आपल्या वहीत तपशीलवार असावी, अभ्यासकाला ती द्यावी. पण चौकात तिची दवंडी पिटू नये. जागा चित्रात असावी असे मी म्हणतो, याचा अर्थ तिचा पत्ता सर्वांना वाटावा असा नव्हे.

गर्दीने काय होते, याचे उदाहरण शेजारच्या महाराष्ट्रात आहे. साताऱ्याजवळील कास पठार पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर २०१२ साली जागतिक वारसा यादीत आले. तेथे जांभ्या खडकावर मातीचा पातळसा थर असतो आणि पावसाळ्याच्या अखेरीस त्या थरावर तेरडा, गेंद, सीतेची आसवे अशी लहान लहान फुले लक्षावधींनी उमलतात. सीतेची आसवे ही चिमुकली वनस्पती कीटकभक्षी आहे, हे तिचे नाजूक रूप पाहून कोणाला खरे वाटत नाही. ही शोभा पाहण्यास इतके लोक येऊ लागले, की येणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली. फुलांच्या गालिच्यावर बसून, आडवे होऊन स्वतःचे छायाचित्र काढवून घेणाऱ्या मनुष्याला आपल्या अंगाखाली काय चिरडले ते दिसतच नाही. चित्रात तर ते येतच नाही. माझ्या काळ्या कापडाहून हा प्रकार फारसा वेगळा नाही, म्हणून त्या मंडळींवर मी रागावू शकत नाही. त्यांना सांगू मात्र शकतो.

आता झाडांविषयी. झाड हलत नाही, पळत नाही, ऋतुमानाने मिटूनही जात नाही. म्हणून त्याचे चित्र घेण्यास घाई नाही असे आपण समजतो. वास्तविक झाड हा छायाचित्राचा सर्वांत अवघड विषय आहे. जवळ उभे राहून कॅमेरा वर रोखला, की खोडे वर निमुळती होत एकमेकांकडे झुकतात आणि झाड मागे कोसळत असल्यासारखे भासते. शक्य तेवढे दूर जावे. समोर चढण असेल तर झाडाच्या निम्म्या उंचीपर्यंत चढावे. झाडाखाली एखादा मनुष्य किंवा बैलगाडी असू द्यावी. सालीचे निराळे चित्र घ्यावे, कारण ऐन आणि धावडा ही झाडे पानगळीत सालीवरूनच ओळखता येतात. आणि पानगळीतच झाडाचा सांगाडा दिसतो, फांद्यांची शिस्त कळते. बहावा एप्रिल-मेमध्ये सोन्याच्या झुंबरांनी लवतो तेव्हा सगळे कॅमेरे घेऊन धावतात. त्याच बहाव्याकडे जानेवारीत कोणी जात नाही.

काही झाडांच्या पुढे मात्र कॅमेरा खाली ठेवून प्रथम हात जोडावे लागतात. म्हैसूरच्या आग्नेयेस बिळिगिरिरंगन डोंगरात सोलिग लोकांचा ‘दोड्ड संपिगे’ म्हणजे मोठा सोनचाफा आहे. अतिप्राचीन मानला जाणारा हा वृक्ष त्यांचा देव आहे. त्याच्या बुंध्याभोवती लहान लहान दगडी लिंगे मांडलेली आहेत. त्या डोंगरातील रानावर सोलिगांचा सामूहिक हक्क २०११ साली कायद्याने मान्य झाला. हा वृक्ष एका चौकटीत मावत नाही. मी प्रथम गेलो तेव्हा तो मावावा म्हणून मागे मागे सरत राहिलो. सोबतच्या वृद्ध सोलिगाने शांतपणे विचारले, “स्वामी, जवळ का येत नाही?” त्यानंतर मी फक्त बुंधा, ते दगड आणि मुळांमध्ये ठेवलेली फुले एवढेच घेतले. माझ्या संग्रहातील ते झाडाचे सर्वांत खरे चित्र आहे असे मला वाटते.

छायाचित्रकाराने आणखी एक विवेक बाळगावा. डोळ्यांना जे सुंदर दिसते ते सारे रानाचे नसते. आपल्या रस्त्यांवरचा गुलमोहर मादागास्करचा आहे. पर्जन्यवृक्ष मध्य व दक्षिण अमेरिकेतला. ते आपल्याला सावली देतात, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. पण त्यांना रानवृक्ष म्हणू नये. घाणेरीची गोष्ट मात्र वेगळी. ती परदेशातून शोभेसाठी आणली गेली आणि आज बंडीपूरच्या रानात, चामुंडीच्या उतारांवर तिने जमीन व्यापली आहे. तिची रंगीत फुले आणि त्यांवरची फुलपाखरे यांची चित्रे प्रत्येक प्रदर्शनात असतात. ती जरूर घ्यावीत. परंतु वाकून तिच्या जाळीखालचेही एक चित्र घ्यावे. तेथे गवत नसते. जेथे गवत नसते तेथे विष्णुक्रांत नसते आणि हरणालाही काही नसते. हे दुसरे चित्र सुंदर येणार नाही, पण पहिल्याला त्याच्यामुळेच अर्थ येतो.

अखेरीस एक गोष्ट सांगून मी थांबतो. २०२५ च्या एप्रिल महिन्यात आपल्याच शहरात, रस्ता रुंद करण्यासाठी सुमारे चाळीस मोठी झाडे तोडली गेली. लोक हळहळले, निषेधासाठी जमले. त्या दिवसांत माझ्याकडे काहीजण आले आणि विचारू लागले, तुमच्याजवळ त्या झाडांची छायाचित्रे असतीलच? मी चाळीस वर्षे या शहरात कॅमेरा घेऊन हिंडलो आहे. आमरीच्या शोधात कोडगूपर्यंत गेलो, चाफ्यासाठी डोंगर चढलो. आणि ज्या झाडांखालून असंख्य वेळा गेलो त्यांचे एकही चित्र माझ्याजवळ नव्हते. ती नेहमीची होती, म्हणून उद्याही असतील असे मी धरून चाललो होतो. छायाचित्राने झाड वाचते असा माझा भ्रम नाही. पण तेथे काय होते, किती मोठे होते, त्याच्या सावलीत कोण बसत असे, हे विचारणाऱ्याला उत्तर देता आले पाहिजे. उत्तर नसले, की तोडणाऱ्याचे काम सोपे होते.

म्हणून माझी विनंती अशी. आपल्यापैकी प्रत्येकाने आपल्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर एक जागा निवडावी. ती नामांकित नसली तरी चालेल. शेताचा बांध, तळ्याचा काठ, ओसाड माळ, एखादी चिंच किंवा करंज. वर्षभर, दर महिन्याच्या एका ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या ठिकाणी उभे राहून तेथील चित्र घ्यावे. वहीत तारीख, पाऊस, कोणती फुले आली, कोणती गेली, लोक त्यांना काय म्हणतात, हे लिहावे. बारा चित्रे होतील. त्यांतील एखादे प्रदर्शनात लागेल, बाकीची लागणार नाहीत. पण ती बारा मिळून जे सांगतील ते माझे पारितोषिक मिळालेले चित्र कधीही सांगू शकले नाही.

हुणसूरपलीकडच्या त्या उतारावर मी त्यानंतर अनेक पावसाळ्यांत गेलो. जमिनीतील कंद जगला असेल तर आमरी पुन्हा येते, असे जाणकार सांगतात. मला ती अद्याप दिसलेली नाही. गवत मात्र पुन्हा दाट झाले आहे. गेल्या खेपेस मी त्या गवताचेच एक छायाचित्र घेतले, उभ्याने, दहा पावलांवरून, कशालाही हात न लावता. आत काही असेल तर असो.